ताटातलं पिवळं कार्ड

माझ्या हातातल्या टॅबवर माणसासाठी चार चौकोन होते. जिवंत, मृत, स्थलांतरित, पत्ता लागत नाही. दर तीन महिन्यांनी रुग्णाच्या दारात जायचं, तो समोर दिसला की पहिल्या चौकोनावर बोट टेकवायचं आणि पुढचे प्रश्न विचारायचे. ताप आला होता का, हातपाय दुखले का, दवाखान्यात राहावं लागलं का, रक्त चढवलं का. सिकलसेलचे रुग्ण कोणत्या वयात आणि कशाने मरतात, कोणाला धोका जास्त असतो, कोणता मृत्यू टळू शकला असता, याचा तो अभ्यास होता. संस्था बाहेरची होती. भंडारा जिल्ह्यातली खेडी तुडवायला आम्ही चौघी बाया होतो.

आमच्याकडे सिकलसेल कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि जिथे अडकतात तिथे माणूस वेदनेने लोळतो. आई आणि बाप दोघांकडून दोष आला तर मूल रुग्ण होतं, एकाकडूनच आला तर नुसतं वाहक. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तपासणीनंतर रुग्णाला लाल कार्ड मिळतं, वाहकाला पिवळं, आणि ज्याच्यात काहीच नाही त्याला पांढरं. लग्न जमवताना पत्रिका नंतर बघा, आधी कार्डं बघा, असं आम्हीच गावोगावच्या भिंतींवर रंगवून घेतलं होतं. लोकांनी ते ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता कधीकधी वाटतं आणि मग स्वतःचाच राग येतो.

रागाचं म्हणाल तर तो माझ्या नाकावरच असतो. बैठकीला उशीर झाला की मी भडकायचे, कोणी फॉर्म अर्धवट भरला की भडकायचे. पण माझ्या कामाकडे कोणी बोट दाखवू शकलं नाही. चौथा चौकोन, पत्ता लागत नाही, मी एकदाही दाबलेला नव्हता. कोणी वीटभट्टीवर गेला, कोणी मामाकडे राहायला गेला, मी शोधून काढायचेच. आमचे सर, म्हणजे अभ्यास चालवणारे डॉक्टर, बैठकीत सगळ्यांसमोर माझी यादी वर धरायचे. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ती मुलगी माझ्या यादीत आली तेव्हा चौदा वर्षांची होती. पवनीच्या पुढे, वैनगंगेपासून फार लांब नाही अशा गावात राहायची. घरात आई आणि धाकटी बहीण. बाप लहानपणीच वारलेला. आई दोन बांध्यांत, म्हणजे शेताच्या दोन तुकड्यांत, धान पिकवायची आणि उरलेले दिवस दुसऱ्याच्या बांधीत जायची. थोरलीचं कार्ड लाल, धाकटीचं पिवळं. दोन्ही कार्डं आई एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाबरोबर ठेवायची.

अभ्यासात कोणाला घेताना एक कागद वाचून दाखवावा लागतो. संमतीचा कागद. तो आठ पानांचा होता आणि त्यातलं मराठी असं होतं की मलाच धाप लागायची. म्हणून मी तो माझ्या पद्धतीने वाचायचे. त्यातलं एक वाक्य मात्र मी आवाज चढवून, बोट ठेवून वाचायचे: तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही, अगदी तुमच्या घरच्यांनाही, सांगितली जाणार नाही. हे वाक्य ऐकलं की माणसं मोकळी होतात, हे मला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. त्याच्या लगेच खाली आणखी एक वाक्य होतं. ते मी गाळायचे. त्यात जिवाच्या धोक्याचा उल्लेख होता आणि तो ऐकला की बाया चपापून सहीचं पेन खाली ठेवायच्या. मी काही पाप करते आहे असं मला वाटलं नाही. काम पुढे जायचं, एवढंच.

मुलगी मोठी हुशार होती. मी प्रश्न विचारायच्या आधीच ती उत्तरं द्यायला लागायची. ताप नाही, सांधे दुखले दोनदा, रक्त चढवलं नाही, आता पुढचं बटन दाबा. आमची फॉर्मवाली मॅडम आली, असं आईला ओरडून सांगायची आणि माझ्या स्कुटीच्या आरशात बघून केस नीट करायची. दुखायला लागलं की मात्र तिला बघवत नसे. एकदा मी गेले तेव्हा ती खाटेवर दोन्ही गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, ओठ पांढरे पडले होते. तशातही ती म्हणाली, दहापैकी किती दुखते ते विचारा ना, आज नऊ लिवा. मी नऊ लिहिलं. बाहेर येऊन स्कुटीला बराच वेळ किल्ली लागेना.

ती वीस वर्षांची झाली आणि तिचं लग्न ठरलं. मुलगा मोहाडी तालुक्यातल्या करडीचा, घरची धानाची शेती, मोठा समंजस. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आईने मला आवर्जून बोलावलं. मी साडी नेसून गेले. मांडवात मुलाकडच्यांनी आणि मुलीकडच्यांनी आपापलं कार्ड एका ताटात ठेवलं होतं. ही आमच्याकडची नवी पद्धत आहे. हळदीकुंकू, सुपारी, नारळ आणि बाजूला दोन कार्डं. आम्ही भिंतीवर लिहिलेलं असं ताटात येऊन बसलेलं बघून मला आधी कौतुकच वाटलं.

मग मी नीट बघितलं. एक कार्ड पांढरं होतं, दुसरं पिवळं.

पिवळ्या कार्डावर जिथे पेनने नाव लिहिलेलं असतं, नेमकं तिथे हळदीकुंकवाचं जाड बोट ओढलेलं होतं. देवाब्राह्मणांसमोर ताटात ठेवलेल्या, कुंकू लावलेल्या वस्तूवरचं कुंकू कोणी पुसत नाही. मुलाकडच्या बायांनी कार्डाला हात लावून तो हात कपाळाला लावला. म्हातारे म्हणाले, पांढरं आणि पिवळं, जमते. झालं. धाकट्या बहिणीच्या कार्डावर थोरलीचं लग्न ठरलं.

खरं सांगायचं तर मुलाचं कार्ड पांढरं असल्यावर लाल कार्डाच्या बायकोपासूनही त्याला आजारी मूल झालं नसतं. मुलं वाहक झाली असती, बस. हे आम्हाला माहीत होतं. पण भिंतीवर तेवढं मावत नाही, आणि लाल म्हटलं की मुलाकडची माणसं चहा न घेता उठतात हेही आम्हाला माहीत होतं.

मी मुलीकडे बघितलं. तिने मला बघताना बघितलं होतं. जेवणाची पंगत बसेपर्यंत तिने मला आतल्या खोलीत ओढून नेलं. हातातल्या हिरव्या बांगड्या एका हाताने दाबून धरल्या, वाजू नयेत म्हणून.

"मॅडम, तुमीच वाचून दाखवलं होतं. मायी परवानगी नसली तं कोनालेच सांगता येत नाही."

मी तिला म्हटलं की सासरी कळल्याशिवाय राहायचं नाही, औषध रोज घ्यावं लागतं, दुखणं काही लपत नाही. ती म्हणाली, एकदा लग्न होऊ द्या, मानसं चांगली आहेत, मीच सांगीन सवडीनं. तिच्या डोळ्यांत भीती होती आणि त्या भीतीच्या वर आनंद होता. मी मान हलवली. पंगतीत बसले. जिलेबी खाल्ली.

लग्नानंतर ती करडीला गेली आणि मीही तिच्या मागे करडीला गेले, कारण यादीत तिचं नाव माझ्याकडे होतं. सासरी मी बायकांच्या आरोग्याच्या सर्व्हेची बाई म्हणून जायचे. खोटं नव्हतं, अर्धं होतं. तिची सासू जाडजूड, मोठ्या आवाजाची, दारात आलेल्याला बसवल्याशिवाय न सोडणारी बाई. मी गेले की ती आधी चहा ठेवायची, मग सुनेला हाक मारायची, मग स्वतः शेजारच्या घरी जायची, आमचं बायकी बोलणं चालू राहावं म्हणून. एवढी समज मी फार कमी घरांत पाहिली. दर वेळी मी तिच्या हातचा चहा प्यायचे.

मुलगी गोळ्या पोह्यांच्या डब्यात तळाशी ठेवायची. पहिल्या रोवणीत, म्हणजे धानाच्या लावणीत, ती दिवसभर गार पाण्यात उभी राहिली आणि नंतर चार दिवस खाटेवर पडली. थंडी बाधली, असं तिने सांगितलं. सासूने तिचे पाय शेकले आणि पुढे तिला बांधीत जाऊ दिलं नाही. हे मला मुलीने हसत सांगितलं. मी म्हटलं, अगं मग सांग ना तिला, जिने पाय शेकले तिला सांग. ती म्हणाली, सांगीन.

वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तिला दिवस गेले होते. मी टॅब पिशवीत ठेवला आणि आयुष्यात प्रथमच तिच्यावर ओरडले, अर्थात दबक्या आवाजात. लाल कार्डवालीचं बाळंतपण म्हणजे काय असतं हे मी सात वर्षं फॉर्मवर भरत होते. ज्या बायांच्या नावापुढे मी दुसरा चौकोन दाबला त्यात पोटुशा किती होत्या हे मला तोंडपाठ होतं. सरांना फोन करून मी तिच्या गोळ्या बंद करायच्या का ते विचारून घेतलं, मोठ्या दवाखान्यात नाव घालायला सांगितलं. तिने शांतपणे तिचा हिशेब मला समजावला. पहिलं बाळंतपण माहेरी होते. सातव्या महिन्यात माय न्यायले येईल. तिथं गेली का लाल कार्ड दाखवीन, पवनीतून भंडाऱ्याले नाव घालीन, सगळं बरोबर होते. इथं कोनाले कळतबी नाही.

मला तो हिशेब पटला. हे मला आज लिहितानाही नीट लिहिता येत नाही. तो पटला, कारण त्यात मला काहीच करायचं नव्हतं.

गावातल्या नर्सबाईने तिचं रक्त तपासलं होतं. साधी तपासणी लाल आणि पिवळ्या, दोन्ही कार्डांत सारखीच येते, आणि पिवळं कार्ड घरात असल्यावर पुढची तपासणी कोण करतो? रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे, असं सांगून तिने सोडून दिलं. त्या नर्सबाईच्या कानावर घालावं असं माझ्या दहादा मनात आलं. ती सासूची चुलत बहीण निघाली. सरांना मी विचारलं. सरांनी सांगितलं की माहिती रुग्णाची असते, तिचं मन वळवा, आणि शेऱ्याच्या रकान्यात नोंद करा. मी नोंद केली: रुग्णाने आजार सासरी सांगितलेला नाही. माझ्या नोंदी नेहमी नेमक्या असायच्या.

सातव्या महिन्यात आई न्यायला आली. नवी साडी, ओटीचं सामान घेऊन, दोन बस बदलून. आणि सासूने सुनेला पाठवायला नकार दिला. भांडून नाही, मायेने. माझ्याकडे नंतर दोघींनीही तो प्रसंग सांगितला आणि दोघींचा शब्द जुळला. सासू म्हणाली, तुम्ही एकट्या, धान कापणीले आला, तुम्ही बांधीत जाल का पोरीजवळ बसाल? इथं मी आहो, तिची ननंद येते, गाडी आहे. इथंच होऊ द्या. आईजवळ याला जे उत्तर होतं ते तिला देता येत नव्हतं. तिने मुलीची ओटी भरली, जेवली आणि संध्याकाळच्या आत परत गेली.

भंडाऱ्याच्या बस स्टँडवरून तिने मला फोन केला. रडत होती. मी म्हटलं, आता तरी सांगा, तुम्ही सांगा, तुम्ही आई आहात. ती म्हणाली, सांगतलं तं फसवलं म्हनतीन, पोटातल्या लेकरासकट टाकून देतीन. मी म्हटलं, नाही टाकणार, ती बाई तशी नाही. मग तिने मला विचारलं की तुम्ही लिहून देता का तसं. मी फोन ठेवला. माझा नेहमीचा राग त्या दिवशी आला, पण आईवर आला. स्वतःवर यायला आणखी महिना लागला.

धान कापणीचे दिवस होते. सकाळी नऊचा सुमार. मी घरून निघायच्या घाईत होते आणि सासूचा फोन आला. सर्व्हेच्या कागदावर माझा नंबर होता, तो तिने जपून ठेवला होता. काल संध्याकाळपासून सुनेला घेऊन भंडाऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात होती.

"मॅडम, पोरीचं अंग तापून राहिलं, छातीत दुखते म्हनते, दम लागून राहिला. आम्ही कार्ड दाखवलं. डॉक्टर म्हनते पिवळं आहे, याचं काही भेव नाही, सर्दी उतरली. तुमाले काय वाटते जी?"

ताप, छातीत दुखणं, दम. आमच्या प्रशिक्षणात हे तीन शब्द फळ्यावर लिहून त्याभोवती गोल काढलेला होता. लाल कार्डवाल्याला हे तिन्ही एकदम झालं तर फुप्फुसातल्या नसा अडकत असतात आणि तासांचा खेळ असतो. मला सगळं कळलं. फोनवर मी तिला म्हटलं, मी येते.

आणि मी गेले नाही. दवाखाना माझ्या घरापासून स्कुटीवर दहा मिनिटांवर. मी आधी सरांना फोन लावला. ते बैठकीत होते. मेसेज टाकला. आईला फोन लावला, ती बांधीत, फोन घरी. पुन्हा सरांना लावला. मुलीच्या फोनवर लावला, तो तिच्या नवऱ्याने उचलला आणि मी काही न बोलता ठेवून दिला. हातात पर्स, पायात चप्पल, अशी मी दाराजवळच्या खुर्चीत बसून होते. दीड तास. एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी मी परवानगीची वाट बघत होते.

साडेदहाला सरांचा फोन आला. मी सांगितलं. ते म्हणाले, "अहो, जिवाला धोका असेल तर सांगायचंच असतं. संमतीच्या कागदातच आहे ते. तुम्ही शंभर वेळा वाचलाय तो कागद."

मी शंभर वेळा वाचला नव्हता. मी शंभर वेळा ते वाक्य गाळलं होतं. आणि गाळता गाळता मीही ते विसरले होते.

दवाखान्यात मी पळतच शिरले. ती कॉटवर उठून बसलेली, आडवं होता येत नव्हतं म्हणून. नाकपुड्या फुलत होत्या. मला बघून तिने मान हलवली. नका सांगू असं म्हणत होती की सांगा म्हणत होती, मला आजही ठरवता येत नाही. सासू तिची पाठ चोळत होती. उशीजवळ ते कार्ड होतं. कुंकू सुकून त्याचा पापुद्रा झाला होता.

तरुण डॉक्टर आत आला तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलले. "हे कार्ड हिचं नाही. बहिणीचं आहे. ही रुग्ण आहे, वाहक नाही. हिचं कार्ड लाल आहे."

डॉक्टरचा चेहरा उतरला. त्याने एकही प्रश्न विचारला नाही, थेट फोन उचलला. त्याला मी दोष देत नाही. जे कार्ड त्याच्या हातात दिलं ते त्याने वाचलं. रक्त, ऑक्सिजन, नागपूरची गाडी, सगळं पुढच्या तासाभरात झालं. गाडीत सासू बसली. दार लावताना तिने माझ्याकडे बघितलं, रागाने नाही, काही समजत नसल्यासारखं.

नागपूरला पोट फाडून बाळ काढलं. मुलगी होती, अगदी एवढीशी, तिला काचेत ठेवलं. बाळाची आई दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. शेवटी काय म्हणाली, कोणाशी बोलली का, मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते. मी दुसऱ्या तालुक्यात एकाला ताप आला होता का ते विचारत होते.

अभ्यासातला रुग्ण गेला की घरच्यांची मुलाखत घ्यावी लागते. काय झालं, किती वेळाने दवाखान्यात नेलं, काय सांगितलं, काय केलं. आमच्याकडे ही मुलाखत तेरवी झाल्यावरच घेतात, हा नियम आम्ही बायांनीच करून घेतला होता. सर म्हणाले, या वेळी दुसऱ्या कोणाला पाठवतो. मी म्हटलं, माझी यादी आहे. हट्टीपणा होता की प्रायश्चित्त, देव जाणे. दोन्हीतलं काहीही असलं तरी त्या सासूला त्याचा काय उपयोग होता?

करडीला गेले तेव्हा अंगणात धानाची पोती रचलेली होती. सासूने मला बसायला खुर्ची दिली. चहाचं नाव काढलं नाही. आत कुठेतरी बाळ किरकिरत होतं, त्याला घरी आणून दोन दिवस झाले होते. ती आत गेली आणि ते पिवळं कार्ड घेऊन आली. माझ्या मांडीवर ठेवलं.

"तिच्या बहिनीचं होय ना हे? देऊन देजा. तिच्या लग्नाले लागन."

मी कार्ड पिशवीत ठेवलं. ती समोर जमिनीवर बसली आणि मी विचारायच्या आधी तिनेच विचारायला सुरुवात केली. तुम्हाला कधीपासून माहीत होतं? मी म्हटलं, ती चौदाची असल्यापासून. आणि कार्ड बदललं ते? साक्षगंधात बघितलं. तिने बोटं मोजली. ऑगस्ट, नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे, पुन्हा ऑगस्ट.

"पाच वेळा चहा पेल्या तुमी माह्या घरी."

मी हो म्हटलं.

मग ती जे म्हणाली ते मी कोणत्याही रकान्यात लिहिलेलं नाही. "मी खोटं नाही बोलत. साक्षगंधाच्या दिवशी कोनी सांगतलं असतं तं मी उठून आली असती. नाहीच केलं असतं हे लगन. पन ते पोरगी आपल्या मायजवळ जिती राहिली असती. आन लग्नानंतर सांगतलं असतं तं दोन दिवस रडली असती, तिच्या मायले बोलली असती. मंग काय करनार होती मी? लेकराले टाकतात का?"

मी रडले. ती नाही रडली. तिने मला पाणीही दिलं नाही आणि रडू नका असंही म्हटलं नाही. मी संपेपर्यंत ती थांबली.

मग मी पिशवीतून कागद काढला. मुलाखतीच्या आधी घरच्यांची संमती घ्यावी लागते. तोच मजकूर, फक्त सहीच्या जागी रुग्णाऐवजी मृत रुग्णाचे नातेवाईक. मी पेन पुढे केलं. ती म्हणाली, आधी वाचा, सगळा वाचा, एक अक्षर सोडू नका.

मी वाचला. पहिल्यांदाच संपूर्ण वाचला. बाहेर ऊन सरकत गेलं, बाळ रडून झोपलं, मी वाचत राहिले. तुमची माहिती तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही, अगदी तुमच्या घरच्यांनाही, सांगितली जाणार नाही. आणि मग खालचं. मात्र रुग्णाच्या जिवाला धोका असल्यास, उपचारासाठी आवश्यक ती माहिती डॉक्टरांना व जवळच्या नातेवाइकांना देण्यात येईल.

तिने हात वर केला. मी थांबले.

"हे तिले वाचून दाखवलं होतं?"

"नाही."

"काहून?"

माझ्याजवळ जे खरं उत्तर होतं तेच मी दिलं. लोक घाबरतात म्हणून, सही करत नाहीत म्हणून.

"मले आता वाचून दाखवलं," ती म्हणाली. "मी भेली का?"

तिने पेन माझ्या हातातून घेतलं. कागद गुडघ्यावर ठेवला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, आपलं पूर्ण नाव लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला.

"आता विचारा," ती म्हणाली.